दिसत नाही असं मी म्हणालो नाही

पाठीच्या मणक्याला मार लागून आज जे कुणी एखाद्या वॉर्डात छताकडे बघत पडले असतील, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. माझ्या दुखण्याचं कारण जरा वेगळं होतं. मी लढाऊ विमानातून बाहेर फेकला गेलो होतो. पण एकदा पलंगावर पडलं की कारणाला फारशी किंमत राहत नाही. माडावरून पडलेला, ट्रकने उडवलेला आणि विमानातून फेकला गेलेला, तिघांनाही बेडपॅन सारखंच लागतं.

माझ्या आजाराची एक बाजू मात्र एक्स-रेमध्ये दिसत नव्हती. ती सांगितल्याशिवाय बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

त्या सकाळी

साल २००३. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि हवाई दलात नवा वैमानिक. घर रत्नागिरीत, मिरकरवाडा बंदराच्या वरच्या चढावर. वडील, म्हणजे आबा, ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करायचे. आमच्या घराण्यात विमानात बसलेलासुद्धा मी पहिलाच.

त्या सकाळी आम्ही चार विमानं घेऊन निघालो. सराव होता एकमेकांना लगटून उडण्याचा. जमिनीवरून बघणाऱ्याला हे फार देखणं वाटतं. आतल्या माणसाला देखणं वगैरे काही दिसत नाही. त्याने फक्त शेजारचं विमान बघायचं असतं. पुढे लीडर, त्यांच्या डावीकडे दुसरा, उजवीकडे तिसरा आणि तिसऱ्याच्या पलीकडे चौथा. चौथा मी. तिसरा मिलिंद वानखडे, अमरावतीकडचा, प्रशिक्षणापासूनचा माझा मित्र. आमच्यात अंतर इतकं कमी की त्याने मान वळवली तर हेल्मेटवरचा ओरखडासुद्धा मला दिसायचा.

या उडण्याचा एक नियम आहे. शेजारचं विमान दिसेनासं झालं, अगदी क्षणभर जरी, तरी रेडिओवर तसं लगेच सांगायचं आणि ठरलेल्या दिशेने बाहेर पडायचं. इंग्रजीत दोनच शब्द आहेत त्याला. त्यात कमीपणा नाही, हे पहिल्या दिवसापासून शिकवतात. आदल्या आठवड्यात एकदा मी तसं सांगून बाहेर पडलोही होतो. खाली उतरल्यावर लीडर सगळ्यांसमोर म्हणाले, "बरोबर केलंस. असंच करायचं." तरी मला ते नापास झाल्यासारखं लागलं. मला कुणी काही बोललं नाही. मीच मला बोललो, की पुन्हा असं होता कामा नये.

जागा बदलायचा हुकूम आला. मला किंचित मागे, किंचित खाली येऊन मिलिंदच्या विमानाच्या पोटाखालून पलीकडे निघायचं होतं. मी खाली आलो, आणि सूर्य थेट डोळ्यांवर आला. वर पांढरं झालं. मिलिंदचं विमान त्या पांढऱ्यात गेलं.

मला कळलं की तो मला दिसत नाही. हे वाक्य मी मुद्दाम वेगळं लिहितो आहे. मला कळलं होतं. अंगठा रेडिओच्या बटणावर होता. मनात आलं, आत्ता दिसेल. एक सेकंद गेला. पुन्हा तेच मनात आलं. दुसरा गेला. तो पुढे असणार असं धरून मी वर आलो.

तो पुढे नव्हता. वरच होता.

पत्र्यावर पत्रा चिरडल्याचा आवाज आला. काच फुटली, वारा आत घुसला. मी खुर्ची बाहेर फेकणारा दोन पायांमधला दांडा ओढला आणि खालून कुणी घण घातल्यासारखं झालं. त्यानंतरचं आठवतं ते म्हणजे मी हवाई छत्रीला लटकलो आहे आणि कमरेखाली काही कळत नाही. मी आभाळात दुसरी छत्री शोधली. चारही बाजूंनी शोधली. खाली भुईमुगाच्या शेतापलीकडे काळा धूर उठत होता.

शेतातल्या एका बाईने माझं डोकं मांडीवर घेऊन तोंडात पाणी घातलं. मी तिला विचारत होतो, दुसरा कुठे आहे? दुसरा कुठे आहे? तिला मराठी येत नव्हतं आणि मला तिची भाषा.

छत

सैनिकी इस्पितळातलं माझ्या पलंगावरचं छत मला आजही काढून दाखवता येईल. दोन भेगा, पंख्याजवळ एक पिवळा डाग. दीड महिना मी तेवढंच पाहिलं. बसायचं नाही, कूस वळायची नाही. दर तीन तासांनी चौघं येऊन "एक, दोन, तीन" म्हणत मला ओंडक्यासारखं कुशीवर करायचे. लघवीला नळी. पोट चौथ्या दिवसापर्यंत साफ झालं नाही तेव्हा एनिमा. बाई असो वा बुवा, कुणीही येऊन पांघरूण वर करी. पहिले दोन दिवस मेल्याहून मेल्यासारखं होतं. मग लाज आपोआप संपते. नव्याने पडलेल्यांना मी हे सांगेन, की ती संपते. ती संपायची वाट बघत बसू नका आणि तिच्यापायी पाणी प्यायचं कमी करू नका. मी केलं होतं, त्याचा ताप झाला.

तिसऱ्या दिवशी आई आणि आबा आले. दोन गाड्या बदलून आले होते. आई दारातच थांबली. आबा आत आले ते आधी पलंगाखाली वाकले, डोक्याकडची बाजू वर-खाली करायचा दांडा फिरवून बघितला आणि म्हणाले, "याचा आटा सैल हाय. कुणी तेल घालत नाय काय?" आबांना रडू आलं की ते यंत्राकडे बघतात, हे मला तोवर माहीत नव्हतं.

आईने माझ्या कपाळावर हात ठेवला. "दुखताय काय रे बाळा?"

"नाही."

"मग रडतंस कशाला?"

मिलिंद गेल्याचं लीडरनी आदल्याच दिवशी सांगितलं होतं. ते खुर्ची ओढून माझ्या डोळ्यांसमोर येईल असे बसले आणि म्हणाले, "मिलिंद बाहेर पडू शकला नाही." मला ते ठाऊकच होतं, तरी कुणीतरी ते शब्द उच्चारेपर्यंत मनाने एक फट ठेवलेली असते. ती बुजली.

या दिवसांतलं एकच चांगलं आठवतं. अंगाला प्लास्टरचा अंगरखा घातल्यावर आत अशी खाज सुटायची की रडू यावं. निवृत्तीला टेकलेले एक नर्सिंग असिस्टंट होते. ते घरून स्वेटर विणायची सुई घेऊन आले. टोकाला कापूस गुंडाळून ते ती हळूच आत सरकवायचे आणि विचारायचे, "इथे? की अजून खाली?" एवढ्या मोठ्या इस्पितळात मला सगळ्यात जास्त सुख त्या सुईने दिलं.

निदान

दहाव्या दिवशी सर्जन फिल्म घेऊन आले. उजेडापुढे धरून त्यांनी दाखवलं. कमरेच्या वर दोन मणके चेपले होते. डाव्या पायाकडे जाणाऱ्या शिरेला मार होता, म्हणून पंजा वर उचलला जात नव्हता.

"चालशील," ते म्हणाले. "वेळ लागेल. काठी लागेल, कदाचित पुढे सुटेलही."

"आणि उडणं?"

त्यांनी फिल्म पाकिटात घातली. "ते आता नाही."

आईने पदर तोंडाला लावला. आबा खिडकीबाहेर बघत राहिले. माझ्यासाठी त्यांनी काय काय केलं होतं ते त्या पाठमोऱ्या माणसात दिसत होतं, आणि मला खरोखर काय वाटलं ते मी कुणालाच सांगितलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. पुन्हा त्या पांढऱ्या उजेडाखाली जावं लागणार नाही, म्हणून सुटलो. सगळे माझं सांत्वन करत होते आणि मी आतून हुश्श करत होतो. पुढे कित्येक महिने मी लोकांच्या नजरेला नजर देत नव्हतो, त्याची सुरुवात इथून.

तिसऱ्या आठवड्यात चौकशी मंडळाचे तीन अधिकारी पलंगाशी आले. फार सौम्यपणे बोलले. त्यांतल्या एकाने विचारलं, "विमान दिसेनासं झालंय हे तुला कधी कळलं?"

मी म्हणालो, "कळलंच नाही सर. सूर्य डोळ्यांवर आला आणि लगेच धक्का बसला."

त्यांनी लिहून घेतलं. वाचून दाखवलं. झोपल्या झोपल्या मी सही केली. खोटं सांगणारा मी एकटाच होतो आणि खरं सांगू शकणारा दुसरा आता नव्हता.

घर

कोकण रेल्वेच्या खालच्या बर्थवर झोपवून मला रत्नागिरीला आणलं. आमच्या घराला रस्त्यापासून जांभ्या दगडाच्या पंचेचाळीस पायऱ्या. आबांच्या ओळखीच्या चार खलाश्यांनी मला खुर्चीत बसवून वर नेलं. मधे एकदा ते दम खायला थांबले तेव्हा एकजण म्हणाला, "आमी बोटीच्या तांडेलाला पण असा नेला नाय कंदी." सगळे हसले. मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी.

पण घरी आल्यावर दुखणं वाढलं. इस्पितळात सगळेच आजारी असतात. घरी आपण एकटेच. बंदरावर सकाळी बर्फाच्या लाद्या फोडायचं यंत्र सुरू व्हायचं. लहानपणापासून ऐकलेला आवाज. पहिल्या सकाळी तो पत्रा चिरडल्यासारखा कानावर आला आणि मी किंचाळलो. अंथरूण ओलं झालं. सव्वीस वर्षांचा माणूस, आणि आई खालची चादर ओढून घेते आहे. त्या दिवसापासून आबा यंत्र सुरू व्हायच्या आधी उठून बंदराकडच्या खिडक्या लावून घ्यायचे. भर उकाड्यात घर बंद. आई घामाघूम होऊन स्वैपाक करायची.

आठवड्यातून चार दिवस शबाना मुकादम यायच्या. व्यायाम करून घेणाऱ्या, फिजिओथेरपिस्ट. माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठ्या, घरचे पुरुष सगळे आखातात, त्यामुळे बोलण्यात कुणाची भीडभाड नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी माझा डावा पाय हातात घेऊन सांगितलं, "मी गोड बोलणार नाही. तुम्ही रडा, शिव्या द्या, मोजणी चुकवू नका." पंजा वर उचलायचा. वीस वेळा. पंजा हलायचा नाही. त्या म्हणायच्या, "हलला नाही तरी हुकूम द्या त्याला. वरून हुकूम गेला पाहिजे."

दीड महिन्याने अंगठा हलला. त्यांनी आईला स्वैपाकघरातून हाक मारून आणलं. "चाची, बघा." आई वाकून त्या अंगठ्याकडे बघत राहिली.

सत्कार

घरी येऊन तीन महिने झाले, मी पट्टा बांधून काठीने चालू लागलो, तशी मिरकरवाड्यातल्या मंडळाची माणसं आली. सत्कार करायचा होता.

मी नको म्हटलं. आबांना राग आला. "लोक प्रेमानं करतात. शाल घ्यायची, नारळ घ्यायचा नि घरी यायचा. तुला काय भाषण करायला सांगतलाय?"

"आबा, मला नको वाटतं."

"तुला आता सगळाच नको वाटता. जेवण नको, माणसां नको. आमी काय करायचा?"

त्यांच्या आवाजात थकवा होता. मी गेलो. खुर्चीत बसवलं, हार घातला. माईकवरच्या माणसाने मृत्यूच्या जबड्यातून परत आलेला रत्नागिरीचा सुपुत्र वगैरे म्हटलं. तिथवर ठीक होतं. मग बोलण्याच्या भरात तो म्हणाला, "आपल्या मित्राला वाचवण्यासाठी यांनी शेवटच्या क्षणापर्यंत शर्थ केली!" टाळ्या झाल्या. असं कुणीच त्याला सांगितलेलं नव्हतं. मी उठून नाही म्हणू शकलो असतो. माईक चार पावलांवर होता. मी शाल सावरली.

दोन दिवसांनी ते वाक्य फोटोसकट गावच्या पेपरात आलं. आबांनी कातरण जपून ठेवलं. आणि मला न सांगता त्यांनी आणखी एक केलं. मिलिंदच्या घरचा पत्ता त्यांनी इस्पितळातच कुणाकडून तरी घेतला होता. कातरणाची एक प्रत आणि सांत्वनाच्या चार ओळी त्यांनी वानखड्यांना पाठवल्या. त्या आईबापांना तेवढाच आधार, असा त्यांचा सरळ हिशोब.

पंधरा दिवसांत पोस्टकार्ड आलं. अक्षर शाळामास्तरांचं, प्रत्येक अनुस्वार जागेवर. "तुम्ही आमच्या मिलिंदला वाचवण्याचा प्रयत्न केला असे वाचले. ते तुमच्या तोंडून ऐकावे अशी इच्छा आहे. पुढील सोमवारी येतो. मिलिंदची आई प्रवास करू शकत नाही."

त्या दिवशी व्यायाम करताना माझ्या तोंडून निघून गेलं. शबाना पायाला पट्टा बांधत होत्या. मी म्हणालो, "ते पेपरातलं खोटं आहे. मी वाचवलं नाही. माझ्यामुळे गेला तो. मला दिसत नव्हतं आणि मी सांगितलं नाही."

त्यांचा हात थांबला. मग त्यांनी पट्ट्याची गाठ पक्की केली.

"हे मला कशाला सांगता?" त्या म्हणाल्या. "मला सांगून तुम्ही मोकळे व्हाल. त्या माणसाचं काय? ज्याला सांगायचं त्याला सांगा." आणि थोड्या वेळाने, नेहमीच्याच आवाजात, "पंजा वर. वीस वेळा."

गुरुजी

मिलिंदचे वडील, वानखडे गुरुजी, सोमवारी सकाळी आले. पांढरा सदरा, पायजमा, टोपी, हातात संत्र्यांची पिशवी. दोन दिवसांच्या प्रवासाने चेहरा सुकलेला. मी पुढे जाऊन वाकायला लागलो तेव्हा त्यांनी खांदे धरले. "राहू द्या जी. पाठीला जपा." नाक, कपाळ, सगळं मिलिंदचं होतं. मी दुसरीकडे बघितलं.

आईने सकाळपासून रांधायला घेतलं होतं. पाहुणे शाकाहारी असले तर, म्हणून घरात मासे आणले नव्हते. आबा शेजारी पायरीवर बसले.

गुरुजी पाणी प्यायले आणि पेला खाली ठेवून म्हणाले, "सांगा."

मी त्यांना सगळं सांगितलं. जागा बदलायचा हुकूम, खाली येणं, पांढरा उजेड. आणि बटणावरचा अंगठा. सांगताना एकदाही थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुन्हा सुरू झालो नसतो. सत्काराचं वाक्य खोटं आहे आणि चौकशीत मी खोटं बोललो आहे, तेही सांगितलं.

गुरुजींनी रिकामा पेला बाजूला सरकवला. मग वर्गात एखादं उत्तर पुन्हा विचारावं तसं त्यांनी विचारलं, "दोन सेकंद?"

"हो."

"दोन सेकंदात बोलता आलं असतं?"

"आलं असतं. दोनच शब्द असतात."

"मग का नाही बोललात?"

"लाज वाटली. आदल्या आठवड्यात एकदा बोललो होतो. पुन्हा बोलायची लाज वाटली."

"लाज," ते म्हणाले. नुसतंच. मग त्यांनी विचारलं, "त्याला कळलं असेल का? काय होऊन राहिलं ते?"

"मला माहीत नाही गुरुजी."

"माहीत नाही, की सांगत नाही?"

"खरंच माहीत नाही. रेडिओवर त्याचा आवाज आला नाही."

ते उठले. टोपी नीट केली. आई तेवढ्यात ताटं घ्यायला बाहेर आली होती. तिच्याकडे वळून त्यांनी हात जोडले. "बाई, राग मानू नका. मले आज इथं जेवण जाणार नाही."

माझ्याकडे न वळता ते निघाले. पंचेचाळीस पायऱ्या एकेक करून उतरले. आबा पायांत चपला अडकवून त्यांच्या मागे गेले.

आबा संध्याकाळी परतले. गुरुजींना गाडीत बसवून आले होते. दारात उभं राहूनच त्यांनी विचारलं, "तिथं कागदावर काय लिवून दिलायस?"

"कळलंच नाही, असं."

"नि मी त्या माणसाला कातरण धाडला," ते म्हणाले. "माझ्या हातानं."

पुढचे अकरा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. खिडक्या मात्र रोज सकाळी लावत होते. आई दोघांच्या मधे फिरायची. एकदा भात वाढता वाढता तिने डाव आपटला. "एक बोलत नाय, एक जेवत नाय. मी काय भिंतीशी बोलू? त्या बाईचा पोर गेला, माझा हाय. मला त्याचा आनंद पण करू देत नाय तुमी." मग स्वतःच्याच बोलण्याला घाबरून ती आत गेली.

बाराव्या दिवशी मी पाठीला उशी लावून, मांडीवर पाट घेऊन चौकशी मंडळाला पत्र लिहिलं. मी आधी दिलेला जबाब खरा नाही. विमान दिसत नसल्याचं मला कळलं होतं. मी सांगितलं नाही. याला अन्य कुणीही जबाबदार नाही. शाळेत निबंध चार पानं लिहायचो, हे एका पानात मावलं. त्याचीच एक नक्कल गुरुजींच्या पत्त्यासाठी केली.

आबांनी दोन्ही कागद वाचले. सातवी शिकलेला माणूस, बोट ठेवून सावकाश वाचले. घडी घातली.

"रजिस्टर करून येतो," ते म्हणाले.

नंतरचं

मला पुन्हा बोलावलं, पुन्हा विचारलं. या वेळी मी बसून उत्तरं दिली. माझ्या नावावर ठपका आला. तो यायलाच हवा होता. काही वर्षं मी जमिनीवरचं काम केलं, भांडारात. मग वैद्यकीय कारणावरून बाहेर पडलो. आता आबांबरोबर मिरकरवाड्यात इंजिनांच्या सुट्या भागांचं दुकान बघतो. डाव्या बुटात पट्टी असते, ती नसली तर पंजा ठेचकाळतो. थंडीत पाठ अशी धरते की मोजे आईकडून घालून घ्यावे लागतात.

खरं सांगितलं म्हणून मी बरा झालो, असं कुणी समजू नये. किंचाळणं त्यानंतरही दोन वर्षं होतं. त्यासाठी मनाच्या डॉक्टरांकडे गेलो, गोळ्या घेतल्या, दर पंधरवड्याला जाऊन बोललो. आमच्याकडे अजून याला वेड लागलं म्हणतात. म्हणू द्या. हाड मोडल्यावर आपण प्लास्टर लपवत नाही. पडून असलेल्यांना माझं इतकंच सांगणं आहे, की शरीराची मोजणी चुकवू नका, आणि मनात काही अडकलं असेल तर ते योग्य माणसापर्यंत न्या. हलकं वाटेल म्हणून नव्हे. त्या माणसाचा त्यावर हक्क असतो म्हणून.

गुरुजींकडून उत्तर आलं नाही. मी अपेक्षाही केली नव्हती. आठ महिने गेले. मग मी रजेवर आलो असताना एका सकाळी खाली रस्त्यावर पोस्टमनने पोस्टकार्ड दिलं. तेच अक्षर, आता थोडं कापरं.

"तुमचा कागद मिळाला होता. मिलिंदच्या आईला सांगावे की नाही, यात बरेच दिवस गेले. शेवटी सांगितले. ती दोन महिने माझ्याशीही बोलली नाही. काल म्हणाली, त्या पोराची पाठ कशी आहे, विचारा. म्हणून विचारत आहे."

मी कार्ड घेऊन पायऱ्या चढून घरी गेलो. आईला वाचून दाखवलं. ती निवडत होती ते तांदूळ तसेच राहिले.

"लिव मग," ती म्हणाली. "बसलायस काय?"

मी लिहिलं, पाठ दुखते, पण चालता येतं. पुढे काही सुचेना. आईला विचारलं.

"ती कशी हाय ता विचार," आई म्हणाली.

ते विचारायला मला दुपार लागली. कार्ड लिहून झालं, पत्ता घालायला घेतला, आणि पेन थांबलं. इतकी वर्षं मिलिंद माझा मित्र होता आणि त्याच्या आईचं नाव मला माहीत नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं. मग पत्त्याच्या पहिल्या ओळीत मी लिहिलं, "मिलिंदच्या आईस."